हैदराबादचा शिक्का, नांदेडचा मोबाइल

२०२५ च्या सप्टेंबरातली गोष्ट. मगरिबची नमाज पढून घरी येत होतो, तर गल्लीतले काका दारातच भेटले. काका निवृत्त ग्रामसेवक, मूळचे कंधार तालुक्यातले. म्हणाले, "सर, ते हैदराबाद गॅझेट तुमच्या मोबाइलवर निघतंय म्हणं. आमच्या आज्याचं नाव तेवढं बघून द्या."

त्या आठवड्यात मराठवाड्यात दुसरा विषयच नव्हता. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर २ सप्टेंबरला सरकारने हैदराबाद गॅझेट लागू करण्याचा निर्णय काढला होता. गॅझेट म्हणजे नावांची एक मोठी यादी असणार, असं बहुतेकांच्या मनात होतं. काकांना आत बसवलं, चहा सांगितला आणि 'इम्पीरियल गॅझेटियर ऑफ इंडिया'च्या प्रांतिक मालेतला हैदराबाद संस्थानावरचा १९०९ चा ग्रंथ मोबाइलवर उघडून दिला. त्यात जिल्हे आहेत, तालुके आहेत, नद्या, पिकं, बाजारपेठा, कोणत्या जातीचे लोक किती, हे सगळं आहे. माणसाचं नाव मात्र नाही. आजोबाचं नाव मिळालं तर ते जमिनीच्या कागदात, शाळेच्या दाखल्यात, गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत मिळेल. काका थोडे हिरमुसले. मग त्यांना नांदेड जिल्ह्याचं पान दाखवलं. जुन्या इंग्रजीत नांदेड असं शोधून काही हाती लागत नाही, शेवटी 'ड' न लिहिता 'र' लिहावा लागतो, म्हणजे 'नांदेर'. कंधारचं तर विचारूच नका. उर्दूत आपलं कंधार आणि अफगाणिस्तानातलं कंदाहार एकाच अक्षरांत लिहितात, त्यामुळे शोधायला जावं हाजी सय्याह सरवरांच्या दर्ग्याचा इतिहास आणि समोर यावेत काबूलचे अमीर.

तरी त्या संध्याकाळी कंधारचं एक काम निघालंच. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम यझदानी १९१४ पासून जवळजवळ तीस वर्षं त्या खात्याचे प्रमुख होते. अजिंठ्यावरच्या त्यांच्या ग्रंथांमुळे त्यांचं नाव जगात गेलं. पण त्याच माणसाने कंधारच्या किल्ल्यातले फारसी-अरबी शिलालेख वाचून 'एपिग्राफिया इंडो-मोस्लेमिका'त छापले, हे कंधारमध्येच फार थोड्यांना माहीत असेल. त्याचे अंक आज घरबसल्या उघडतात. काकांनी शिलालेखांच्या छायाचित्रांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "हे तर आम्ही लहानपणी हात लावून बघितलेलं." आज्याचं नाव त्या दिवसापुरतं राहिलं.

ही मागणी काकांची एकट्याची नव्हती. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती निजामकालीन नोंदी तपासू लागली, तेव्हापासून आमच्यासारख्या उर्दू शिकवणाऱ्यांचे फोन वाजू लागले. नोंदी मोडीत आणि उर्दूत. कधी सहकारी शिक्षक, कधी त्यांचे मेहुणे, कधी अनोळखी माणूस. व्हॉट्सॲपवर एक तिरका फोटो आणि खाली ओळ, "सर, एवढं पान वाचून द्या." जमतं तेवढं वाचून देतो. छापील उर्दू वाचणं आणि कारकुनाच्या शिकस्ता हाताची घसटलेली नोंद वाचणं यात फार अंतर आहे, आणि निम्म्या वेळा मलाही हात टेकावे लागतात. पण इतकी वर्षं 'उर्दू शिकून काय करणार?' असं विचारणाऱ्या मराठवाड्याला अचानक उर्दू वाचणारा माणूस हवासा झाला, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

आपली कागदपत्रं हैदराबादेत का, याचं उत्तर शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकतं. १७२४ पासून १९४८ पर्यंत हा मुलूख आसफजाही राज्यात होता. १८८० च्या दशकात दरबाराची भाषा फारसीची उर्दू झाली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं, तेही उर्दू माध्यमाचं. नांदेडला पीपल्स कॉलेज आलं १९५० मध्ये. त्याआधी इथल्या मुलाला पदवी घ्यायची तर बहुधा हैदराबादची गाडी धरावी लागे. म्हणजे राज्य तिकडे, विद्यापीठ तिकडे आणि १८९१ मध्ये सुरू झालेला कुतुबखाना-ए-आसफियाही तिकडेच. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचनेत मराठवाड्याचे जिल्हे मुंबई राज्यात आले. माणसं आली, जमीन आली, तलाठी आणि मास्तरही आले. ग्रंथालयं मात्र जिथल्या तिथे राहिली. ती राहणारच होती, त्यात कुणाचा दोष नाही. पण एका रात्रीत आपली आठवण परराज्यात गेली, हे आपण कधी नीट मोजलं नाही.

निलंग्यात १९१० मध्ये जन्मलेले सेतुमाधवराव पगडी मला या संदर्भात नेहमी आठवतात. हैदराबाद संस्थानच्या नोकरीत राहून त्यांनी उर्दू-फारसी पचवली, शिवकालाची फारसी साधनं मराठीत आणली, गालिबवर मराठीत लिहिलं आणि पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटियरांचं कामही पाहिलं. दोन्ही बाजूंची कुलुपं उघडणारा असा माणूस एका पिढीत एखाद-दुसराच निघतो. बाकीच्यांनी काय करायचं?

मी बी.एड. होतो तेव्हा एकदा रात्रीच्या गाडीने एका मोठ्या शहरातल्या ग्रंथालयात गेलो होतो. दारावर विचारलं, पत्र कुणाचं आणलं? पत्र नव्हतं. कॉलेजच्या ओळखपत्रावर त्यांनी मला वर्तमानपत्रांच्या टेबलापर्यंत जाऊ दिलं, पुस्तकांपर्यंत नाही. दिवसभर ताजे पेपर वाचून रात्रीच्या गाडीने परत आलो. तिथल्या माणसांनाही नियम होते, हे आता कळतं. तेव्हा फार राग आला होता.

त्याच सुमारास, मला पत्ता नसताना, दुसरीकडे एक काम चालू होतं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचे राज रेड्डी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे एन. बालकृष्णन यांच्या पुढाकाराने दहा लाख पुस्तकं स्कॅन करण्याची योजना निघाली होती. त्यातून 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' उभी राहिली. देशातल्या अनेक ग्रंथालयांत यंत्रं बसली आणि उस्मानियाच्या कपाटांतली पुस्तकं पानापानाने त्यांच्या काचेखाली गेली. पुढे ते मूळ संकेतस्थळ बंद पडलं, पण तोवर लाखो पुस्तकांच्या प्रती 'इंटरनेट आर्काइव्ह'वर पोचल्या होत्या. आज एखादं जुनं मराठी पुस्तक तिथे शोधलं की बऱ्याचदा पहिल्या पानावर मजकुरातला दोष किंवा गळालेली पानं ही या पुस्तकातलीच आहेत अशा अर्थाची इंग्रजी पाटी येते. मग 'ओयू' अक्षरं आणि आकडा. मग उस्मानिया विद्यापीठ ग्रंथालयाची चिठ्ठी, तिच्यावर दाखल क्रमांक, लेखकाचं नाव, आणि खाली मारलेल्या शेवटच्या तारखेपर्यंत पुस्तक परत करण्याची सूचना. पुण्यामुंबईत छापलेलं मराठी पुस्तक, हैदराबादचा शिक्का, आणि वाचणारा नांदेडच्या गच्चीवर. ती परत करण्याची सूचना वाचून मला दर वेळी हसू येतं.

इथे एक अडचण सांगायला हवी, कारण मी तिच्यात दोन-तीनदा पडलो आहे. हैदराबादच्या जुन्या पुस्तकांवर साल पुष्कळदा फसली असतं. पुस्तकाची यादी करणारा ते हिजरी धरतो किंवा नुसताच आकडा टाकतो. १३४५ हिजरी म्हणजे १९२६-२७, पण १३४५ फसली म्हणजे १९३५-३६. नऊ वर्षांचा फरक. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतं, हे सूत्र मी वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवलं आहे. पुस्तकात आजर, दै, बहमन असे महिने दिसले तर ते फसली समजावं. दुसरी अडचण, नस्तालीक लिपीतल्या जुन्या छापील पानावर शब्द टाकून शोध घेता येत नाही, घेतला तर भलतंच येतं. पानं उलटतच वाचावं लागतं.

उर्दूसाठी माझा मुक्काम जास्त करून 'रेख्ता'वर असतो. २०१३ मध्ये संजीव सराफ या उद्योगपतींनी सुरू केलेलं हे काम. शेरोशायरीमुळे ते सगळ्यांना माहीत आहे, त्याच्या ई-पुस्तकांच्या दालनात मात्र आपल्याकडचे थोडेच जातात. पुस्तक उतरवून घेता येत नाही, तिथेच बसून वाचायचं, पण लाखाहून अधिक पुस्तकं आहेत. तिथेच मला बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांचं 'उर्दू' हे त्रैमासिक भेटलं. १९२१ मध्ये ते निघालं ते लखनौहून नाही, दिल्लीहून नाही, आपल्या औरंगाबादेतून. अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं कार्यालय आणि छापखाना तेव्हा औरंगाबादेत होता. याच मौलवी साहेबांनी मराठी भाषेवरच्या फारसीच्या प्रभावावर उर्दूत पुस्तक लिहिलं. १९२५ मध्ये माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, 'फार्सी-मराठी कोश' तयार करतात आणि इकडे औरंगाबादेत मौलवी साहेब उर्दू वाचकाला मराठी समजावून सांगतात. मी सकाळी एका वर्गात मराठी आणि दुपारी दुसऱ्या वर्गात उर्दू शिकवतो, त्यामुळे ही जोडी मला घरच्यासारखी वाटते. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई डिजिटल ग्रंथालयात मोल्सवर्थचा मराठी कोश आणि प्लॅट्सचा उर्दू कोश दोन्ही फुकट आहेत. मुलांना 'दप्तर' शब्द दोन्हीकडे काढून दाखवतो. पाठीवरचं दप्तर आणि कचेरीतलं दफ्तर एकच आहे, हे कळलं की मागच्या बाकावरचेही मान वर करतात.

पण हे सगळं शिकलो ते ज्या कामासाठी, ते काम वेगळं होतं.

दर वर्षी १७ सप्टेंबरला शाळेत झेंडा होतो. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. भाषण बहुधा माझ्याकडे असतं, कारण मराठी माझं. स्वामी रामानंद तीर्थांवर बोलतो, बिलोलीजवळ अर्जापूरला १९४६ मध्ये मारले गेलेल्या गोविंदराव पानसऱ्यांवर बोलतो. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांच्यावर आवर्जून बोलतो. रझाकारांविरुद्ध लिहिलं म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांची हत्या झाली. रझाकारांनी गावंच्या गावं लुटली, माणसं मारली. ते सांगताना मला कधी अवघड वाटत नाही, वाटूही नये. त्यांचा पुढारी कासिम रझवी हा आमच्या लातूरचा वकील.

अवघड वाटतं ते भाषण संपवून घरी आल्यावर. माझी दादी औशाकडची. तिच्या तोंडी '४८ नव्हतं, 'वो साल' असायचं. वो साल के पहले, वो साल के बाद. त्या सालात काय झालं, असं लहानपणी विचारलं तर ती म्हणायची, "जाने दे रे, पुलिस ॲक्शन हुआ था." बस. २००९ मध्ये ती गेली. अब्बांचा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे त्यांना विचारण्यात अर्थ नाही असं मी धरून चाललो होतो.

पुस्तकात नाही, घरात कुणी बोलत नाही, म्हटल्यावर माणूस शोधायला लागतो. २०१३ मध्ये बीबीसीवर बातमी आली की पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात आता पाहायला मिळतो. त्याच वर्षी ए. जी. नूराणी यांचं हैदराबादवरचं पुस्तक आलं, त्यात तो छापला गेला. दिल्लीला जाणं मला शक्य नव्हतं, एका मित्राने पुस्तकाचा पत्ता लावला. आणि रात्री अकरानंतर, घर झोपल्यावर, त्याच्या आजूबाजूचं बाकीचं मोबाइलवर वाचत गेलो. कॅनडाचे विद्वान विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी जानेवारी १९५० मध्ये 'मिडल ईस्ट जर्नल'मध्ये हैदराबादच्या मुसलमानांवर कोसळलेल्या शोकांतिकेवर लेख लिहिला होता. म्हणजे घटना ताजी असतानाच जगात कुठेतरी ते छापलं गेलं होतं. 'जेस्टोर'वर साधं खातं उघडलं की महिन्याला शंभर लेख पडद्यावर वाचता येतात, त्यात तो वाचला. सरकारची 'एक राष्ट्र एक सदस्यत्व' योजना २०२५ पासून सुरू झाली आणि तेरा हजारांच्या आसपास नियतकालिकं खुली झाली, पण ती सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना. शाळामास्तर तिच्यात बसत नाही. आपल्याला शंभर लेख पुष्कळ झाले.

अहवालाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण त्याचं नाव घेऊन दोन्ही बाजूंनी पुष्कळ ओरड होते आणि वाचलेले कमी भेटतात. समितीत पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री होते. काझी साहेब म्हणजे हैदराबादच्या 'पयाम'चे संपादक आणि 'लैला के खुतूत'चे लेखक. तेही पुस्तक रेख्तावर आहे. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात समिती सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरली. पोलिस कारवाईच्या वेळी आणि नंतर मारल्या गेलेल्यांचा तिचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार. सर्वाधिक झळ बसलेले जिल्हे चार, उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. तेव्हा लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा १९८२ चा. लातूर शहराबद्दल अहवाल म्हणतो की तिथे वीस दिवसांहून जास्त काळ कत्तल चालली. सुमारे दहा हजार मुसलमानांपैकी समितीला शहरात जेमतेम तीन हजार दिसले. हजाराहून अधिक मारले गेले होते आणि बाकीचे जीव घेऊन पळाले होते.

हे वाचलं त्या रात्री मी उठून पाणी प्यायलो आणि पुन्हा बसलो. ज्या गंजगोलाईतून मी लहानपणी दादीचं बोट धरून बांगड्या घ्यायला गेलो होतो, ते हेच लातूर.

याला दुसरी बाजू आहे, तीही त्याच अहवालात आहे. समितीने आधीचे रझाकारांचे अत्याचार झाकलेले नाहीत. हिंदू शेजाऱ्यांनी जीव धोक्यात घालून, काहींनी जीव देऊन, मुसलमान शेजाऱ्यांना वाचवलं, हेही तिने नोंदवलं. एकाच धंद्यातल्या लोकांत ही आपुलकी विशेष दिसली, हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना राखलं, असं त्यात आहे. सरकारने तो अहवाल छापला नाही, सरदार पटेलांना तो मान्य नव्हता. तीन माणसांनी तीन-सव्वातीन आठवड्यांत केलेला तो अंदाज आहे, मोजदाद नाही. इतिहास वाचायचा तर अनंत भालेराव वाचावेत, रामानंद तीर्थांच्या आठवणी वाचाव्यात, नरहर कुरुंदकर वाचावेत, पगडींचं 'जीवनसेतू' वाचावं आणि हाही वाचावा. मी १७ सप्टेंबरच्या भाषणात अजून याबद्दल बोललेलो नाही. बोलावं असं वाटतं, पण सातवी-आठवीच्या मुलांपुढे, पाच मिनिटांत, झेंड्याखाली ते कसं सांगायचं हे मला अजून सुचलेलं नाही.

काका येऊन गेले त्याच आठवड्यात एका रात्री अब्बा पाणी प्यायला उठले आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर लातूरच्या उताऱ्याचं माझं टिपण होतं. अब्बांना इंग्रजी येत नाही. मी उर्दूत वाचून दाखवलं. ते खाली सतरंजीवर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "हमारे गाँव का नाव है क्या रे उसमें?"

"नई अब्बा. देहात के नावां थोडेच हैं."

"तेरी दादी को एक लिंगायत बाई ने अठरा दिन बळद में छुपाके रखी थी," ते म्हणाले. "जवार का बळद. रात को रोटी डालती थी ऊपर से."

माझं वय पंचेचाळीस. हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. इतकी वर्षं सांगितलं का नाही, असं विचारलं, तर म्हणाले, तूने पूछाच कब. मी वही घेतली, तारीख टाकली, गावाचं नाव लिहिलं, अठरा दिवस लिहिलं. त्या बाईचं नाव काय, ते विचारलं. अब्बांनी खूप आठवून पाहिलं. तिच्या नवऱ्याचं दुकान कुठे होतं ते त्यांना आठवलं, दारात लिंबाचं झाड होतं ते आठवलं. नाव काही आठवेना.